बंदूक काढून घेणारा आदेश : कॅलिफोर्नियातल्या कोर्टाच्या मदतकक्षाचा अनुभव

नोकरी गेल्यापासून धाकट्या बहिणीचा नवरा ‘मी नसलो तर तुम्ही सुटाल’ असं म्हणायला लागला होता. कपाटात दोन पिस्तुलं. ताई, आता काय करू, असा तिचा रात्री फोन. सकाळीच आम्ही दोघी कोर्टात गेलो.

स्वतःच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका असलेल्या माणसाकडून कोर्टाच्या आदेशाने बंदुका काही काळ काढून घेण्याचा हा कायदा इथे २०१६ पासून लागू आहे. अर्ज पोलीसच नाही, घरची माणसंही करू शकतात, आणि फी काहीच नाही. अर्जाचा नमुना जीव्ही-१००. ‘तो नेमकं काय बोलला, कधी बोलला’ त्या रकान्यापाशी तिचा हात थांबला. मदतकक्षातल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, त्याचेच शब्द लिहा, तारखेसकट. हे त्यांनी सांगितलं नसतं तर आम्ही नुसतं ‘तो उदास असतो’ एवढंच लिहून आलो असतो.

तात्पुरता आदेश त्याच दिवशी मिळाला. २१ दिवसांच्या आत सुनावणी, तिथे त्यालाही बाजू मांडता येते. हा फौजदारी खटला नाही, हे त्याला समजावणं सगळ्यात अवघड गेलं. पिस्तुलं पोलिसांकडे जमा झाली, पावती बहिणीने फ्रिजवर लावली आहे.

मदतकक्षाला पाचपैकी चारच तारे देते, एक कापते. दुभाषी मिळेपर्यंत दोन तास बाकावर बसवलं, आणि उपचारांचं कुणी अवाक्षर काढलं नाही. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांसाठीचा ९८८ हा मदतीचा नंबर आम्हीच शोधला. घरात अशी भीती असेल तर लगेच जा, पुढच्या सोमवारची वाट बघू नका.