रामकुंडावर आडनावाचा शोध: सेवेचा अनुभव

नाशिकला आमच्या तीर्थोपाध्यायांकडे (तीर्थक्षेत्रातले पिढीजात पुरोहित) वंशावळ बघायला गेले होते. माहेरचं आडनाव कुलकर्णी. गुरुजींनी आधी मूळ गाव विचारलं, आणि तेच बरोबर आहे. कुलकर्णी म्हणजे गावाच्या जमिनीचा आणि वसुलीचा हिशेब लिहिणारा वतनदार. गावोगावी हे वतन होतं, म्हणून एकमेकांशी काडीचंही नातं नसलेली कुलकर्णी घराणी महाराष्ट्रात आणि कर्नाटकात भरपूर सापडतात. नुसत्या आडनावावरून काय शोधणार?

गाव सांगितल्यावर लाल फडक्यात बांधलेली लांबट वही निघाली. जुनी पानं मोडी लिपीत. खापरपणजोबांच्या सहीपुढे ‘कुलकर्णी मौजे’ आणि गावाचं नाव. त्यांच्या वडिलांच्या नोंदीत मात्र गावावरून पडलेलं, शेवटी ‘कर’ असलेलं आडनाव! म्हणजे हुद्दा पुढे आडनाव झाला. 1950 च्या कायद्याने वतनं गेली, आडनाव राहिलं. हे स्वतःच्या पूर्वजाच्या अक्षरात बघताना मला भरून आलं.

गुरुजींनी मोडी न कंटाळता वाचून दाखवली, नवी नावंही लिहून घेतली. दक्षिणा ऐच्छिक म्हणाले, पण आकडा आधी सांगितला तर लोकांना सोपं जाईल. पानांचे कोपरे झडताहेत, त्यांचं स्कॅनिंग लवकर व्हायलाच हवं.

इंटरनेटवर आडनावाचा अर्थ छापून फ्रेम विकतात, त्यापेक्षा इथे या. आजोबा-पणजोबांची नावं आणि मूळ गाव लिहून आणा, आणि सकाळीच या. दुपारी विधींची गर्दी असते.