बेळगावहून कोल्हापूरला जायचंय: सीबीटीवरून थेट, की निपाणीला बदलून?

सामान जड असेल किंवा सोबत म्हातारं माणूस असेल, तर फार विचार नको. बेळगावच्या सीबीटीवरून, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावरून, थेट गाडी धरा. गाडी इथूनच सुटत असली तर फलाटाला लागल्या लागल्या चढता येतं, पिशव्या नीट ठेवता येतात आणि खिडकी मिळते. कोल्हापूरपर्यंतचं ११० किलोमीटर अंतर बसून कटतं.

निपाणीत तसं नाही. निम्म्याहून जास्त गाड्या वाटेवरच्या. गाडी स्टँडात वळली रे वळली की माणसं तिच्याबरोबर पळतात, कुणी खिडकीतून टॉवेल टाकतं, कुणी पोराला आत सारतं. टॉवेलवाल्याशी भांडायची तयारी नसेल तर तासभर उभं राहायची ठेवा. बरं, पुढं कोल्हापूर ४० किलोमीटरच, त्यामुळं धडधाकट माणसाला ते जड जात नाही.

मग निपाणीला बदलायचं कशाला? बायकांचा हिशेब वेगळा आहे म्हणून. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजना आहे. आधारवर इथला पत्ता असलेल्या बाईला साध्या गाडीतून राज्यात फुकट प्रवास. पण आंतरराज्य गाडीत ही योजना चालत नाही. म्हणजे थेट कोल्हापूर गाडीत बसलात की पैसे मोजायचे. निपाणीपर्यंतच्या साध्या गाडीने गेलात तर ७५ किलोमीटर फुकट (तिकीट मात्र मागून घ्यायचंच). पुढं महाराष्ट्राची लालपरी धरावी. तिच्यात महिलांना निम्मी सवलत आहे, पण हद्द ओलांडल्यावरच्या टप्प्यापुरतीच, आणि हद्दीवरच्या कोगनोळीपासून कोल्हापूर ते किती! खरी बचत निपाणीपर्यंतचीच. पुरुषांना यातलं काही नाही, त्यांनी गाडी बदलत बसू नये.

भाषेचं म्हणाल तर सीबीटीवर कर्नाटकांतर्गत गाड्यांच्या पाट्या कन्नडमध्ये. वाचता येत नसेल तर कंडक्टरलाच विचारावं, "मामा, निपाणी का?" मराठीत उत्तर मिळतं. निपाणीत तोही प्रश्न नाही, सगळं स्टँड मराठी बोलतं. मात्र लांब पल्ल्याच्या गाडीत बसायच्या आधी "स्टँडात जाते ना, का हायवेनंच?" एवढं विचारून घ्या. बाहेर उतरवलं तर बॅग घेऊन आत चालत यावं लागतं.

सीमेवरून वातावरण तापलं की गणित उलटं होतं. डिसेंबर २०२२ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन्हीकडच्या गाड्या हद्दीवर थांबल्या होत्या. अशा दिवसांत थेट गाडीची वाट बघत सीबीटीवर ताटकळू नये. निपाणी गाठावी आणि हद्दीपलीकडच्या कागलपर्यंत काय मिळतंय ते बघावं. पुरात मात्र निपाणीचा भरवसा धरू नका. २०१९ ला आणि २०२१ ला यमगर्णीजवळ महामार्गच पाण्याखाली होता, आणि ते निपाणीच्या पुढं. तिथं अडकण्यापेक्षा घरीच थांबलेलं बरं.

अंधार पडल्यावर निघणार असाल तरी थेट गाडीच बघा. गाडी बदलायचे उद्योग दिवसाउजेडी ठीक.

आणि गडहिंग्लज-आजऱ्याकडं जाणाऱ्यांनी या भानगडीत पडूच नये. निपाणीच्या अलीकडं संकेश्वरला उतरायचं, गडहिंग्लज तिथून पंधरा किलोमीटरच्या आतबाहेर.