एसीबरोबर फिरणारा पंखा: आठ महिने वापरल्यावर

मे महिन्याच्या दुपारी सोलापुरात सात रस्त्याच्या सिग्नलला दोन मिनिटं थांबलं की माझ्या जुन्या डिझेल गाडीचा एसी गरम वारा फेकायचा. गाडीने वेग घेतला की परत गार. गॅस कमी झाला असेल असं धरून दोन उन्हाळ्यांत दोनदा गॅस भरला. मागे आई डोक्यावर ओला पंचा धरून बसलेली असायची, ते बघवत नव्हतं.

फेब्रुवारीत एका वायरमनने बॉनेट उघडलं, एसी चालू ठेवला आणि पाच मिनिटं नुसतं ऐकलं. टक् करून कॉम्प्रेसरचा क्लच (एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाला जोडणारा-सोडणारा भाग) बसायचा, थोड्या वेळाने टक् करून सुटायचा. "गॅस बरोबर हाय की ओ मालक, वारा कमी पडतोय." बेल्टवरचा पंखा इंजिनाच्या वेगाने फिरतो, म्हणजे आयडलवर, गाडी उभी नि इंजिन चालू असताना, तो सुस्तच. धावत्या गाडीला समोरून वारा मिळतो. उभ्या गाडीत कंडेन्सर (एसीच्या गॅसची उष्णता बाहेर टाकणारा, रेडिएटरसारखा भाग) तापतो, गॅसचं प्रेशर चढतं आणि प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. अशात गॅस जास्त भरला तर प्रेशर आणखीच चढतं. मी दोन वर्षं पैसे देऊन तेच करून घेत होतो.

मग कंडेन्सरच्या पुढे १२ इंची इलेक्ट्रिक पंखा बसवला. बॅटरीपासून २० अँपिअरचा फ्यूज, तिथून ४० अँपिअर रिलेची (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) ३० नंबरची पिन, ८७ मधून पंख्याला. वायर ४ स्क्वेअर मिलिमीटरची, अर्थ थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. रिलेच्या कॉइलच्या दोन पिनांपैकी ८५ ला अर्थ, आणि ८६ ला क्लचच्या वायरचा सिग्नल. क्लच बसला की पंखा सुरू. क्लचच्या वायरवरून पंखा थेट चालवायचा नाही, ती वायर एवढा करंट झेलायला नसतेच. रिलेची कॉइल जेमतेम पाव अँपिअरच्या आत घेते, त्यामुळे तेवढा सिग्नल तिच्यावरून बिनधास्त घेता येतो. पंखा उलटा तर फिरत नाही ना, हे बघायला जाळीसमोर पेपरचं पान धरलं. ते आत ओढलं जाऊन जाळीला चिकटलं.

घाटातही पंखा लागावा म्हणून रेडिएटरला ९२ अंशांवर लागणारा थर्मोस्विच बसवून त्याची वायरही ८६ लाच जोडली. चूक इथे झाली. तुळजापूरचा घाट चढताना एसी बंद होता, तरी गाडी मध्येच जड व्हायची. दोन फेऱ्या डोकं खाजवलं. थर्मोस्विच लागला की त्याचा करंट ८६ वरून उलटा क्लचच्या वायरीत शिरायचा आणि कॉम्प्रेसर आपोआप बसायचा. चढावर, तापलेल्या इंजिनावर! क्लचकडून येणाऱ्या वायरमध्ये एक अँपिअरचा साधा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) घातला, पांढरी पट्टी रिलेच्या बाजूला. त्यानंतर हा त्रास नाही. हे काम करून घेणाऱ्याने डायोडचं आधीच विचारावं.

एप्रिलमध्ये पंखा अचानक बंद पडला. रिले काढून बघितला तर खालचा प्लॅस्टिकचा होल्डर ३० नंबरच्या पिनेपाशी तपकिरी होऊन वितळलेला. फ्यूज शाबूत. लग (वायरीच्या टोकाची धातूची क्लिप) नुसता पक्कडीने दाबलेला होता, ढिल्या जोडाने उष्णता धरली. सिरॅमिक होल्डर आणला, लग नीट क्रिंप करून घेतले आणि रिले सायलेन्सरच्या पाइपाजवळून बॅटरीच्या बाजूला हलवला.

आता अनुभव. पारा ४३-४४ वर असताना सावळेश्वरच्या टोलवर गाडी आयडलवर उभी होती आणि व्हेंटमध्ये लावलेला थर्मामीटर १३ अंश दाखवत होता. मागच्या वर्षी अशाच वेळी २५ च्या वर जायचा. क्लचचं सारखं टक्-टक् थांबलं. आई आता पंचा पिशवीतच ठेवते. पंखा, एसी आणि हेडलाइट एकदम लावले तर आयडलवर बॅटरीवर १३.२ व्होल्ट मिळतात, म्हणजे अल्टरनेटर पुरतोय. नव्वदच्या वेगात पंख्याचा उपयोग नाही आणि तो वाऱ्याला थोडा आडही येतो, पण हायवेवर एसी आधीपासून ठीकच होता.

पावसाळ्यात पंख्याच्या कनेक्टरवर हिरवा गंज चढला. घासून ग्रीस लावलं. कंडेन्सर आणि रेडिएटरमधल्या फटीतून वारा बाजूला निसटतो, तिथे फोमची पट्टी लावायची राहिली आहे. मार्चच्या आत ती लावून घेणार.