साइट सरळ करायला दिली, अस्सल साइटच गेली

अमेरिकेत राहणाऱ्या ज्या मराठी घरांत शेजाऱ्याकडून, सासरहून किंवा इस्टेट सेलमधून एखादी जुनी लिव्हर अ‍ॅक्शन (खालचा दांडा पुढेमागे करून काडतूस भरायची) रायफल आली आहे, त्यांनी ती दुरुस्तीला टाकण्याआधी हे वाचावं. माझ्या रायफलच्या पुढच्या-मागच्या दोन्ही मूळ साइट, म्हणजे नेम धरायचे भाग, एका गनस्मिथने (बंदुका दुरुस्त करणाऱ्याने) काढून घेतल्या, त्या जागी आजच्या नकला ठोकल्या आणि वर माझ्याकडून 280 डॉलर घेतले.

रायफल विंचेस्टरची, मॉडेल 1894, अष्टकोनी नळीची, .38-55 काडतुसाची. जॉन ब्राउनिंगच्या रचनेचं हे मॉडेल निघालं तेव्हा .32-40 आणि .38-55 या दोनच काडतुसांसाठी मिळायचं. सगळ्यांना माहीत असलेलं .30-30 काडतूस नंतर, 1895 मध्ये आलं. वायोमिंगमधल्या कोडी गावच्या संग्रहालयात विंचेस्टर कारखान्याच्या जुन्या नोंदवह्या आहेत. फी भरली की जुन्या क्रमांकांच्या रायफलींची माहिती ते पत्राने कळवतात. माझ्या पत्रात साल आलं 1897. शेजारच्या आजोबांना ती त्यांच्या वडिलांकडून मिळालेली. आजोबा गेले, मुलांपैकी कुणाला शिकारीची आवड नव्हती, म्हणून आजींनी माझ्या हातात दिली आणि बजावलं, "नुसती कपाटात ठेवू नकोस, वापर."

नेमबाजीच्या रेंजवर 50 यार्डांवरून गोळ्या साधारण सहा इंच खाली आणि तीन इंच डावीकडे लागत होत्या. पण लागत होत्या एकाच ठिकाणी, बशीएवढ्या जागेत. ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण नळी झिजलेली असेल तर गोळ्या अशा एकत्र पडतीलच असं नाही. गनस्मिथला मी गोळ्या लागलेला लक्ष्याचा कागद दाखवला. त्याने नळीत डोळा लावून पाहिलं, मान हलवली आणि म्हणाला, "नळीला बाक आहे, साइट तर पार गेल्यात. बाजूला दोन भोकं पाडून नवी पीप साइट लावू." पीप साइट म्हणजे बारीक छिद्रातून पाहून नेम धरायची साइट. भोकं पाडायला मी साफ नकार दिला. शंभर वर्षांहून जुन्या रायफलच्या पोलादात नवं भोक पाडलं की संग्राहकांच्या लेखी तिची किंमत तिथेच कोसळते, आणि ते भोक पुन्हा बुजत नाही. तसल्या साइटसाठी विंचेस्टरने दस्त्याकडच्या मागच्या पट्टीवर कारखान्यातच भोक ठेवलेलं असतं, हेही त्याला माहीत असणारच. मग तो म्हणाला, "ठीक आहे, आहे तीच साइट जुळवून देतो."

परत आली तेव्हा दुकानातल्या मंद उजेडात सगळं काळंभोर, नीटनेटकं दिसत होतं. घरी खिडकीपाशी धरली आणि पोटात गोळा आला. नळीचा रंग जुना, तपकिरीकडे झुकलेला आणि साइट निळसर-काळी कोरी. वास घेतला तर ताज्या रंगद्रव्याचा उग्र दर्प. माशीचं, म्हणजे पुढच्या साइटचं, जर्मन सिल्व्हरचं पातळ पातं होतं. त्या जागी जाड पोलादी तुकडा. साइट ज्या तिरप्या खाचेत बसते तिच्या डाव्या कडेला पोलादी पंचाचे, म्हणजे ठोकायच्या सळईचे, चकचकीत घाव. या साइट रीतीप्रमाणे मागून पाहताना उजवीकडे बाहेर काढतात आणि उजवीकडूनच आत बसवतात, तेही पितळी पंचाने, म्हणजे पोलादाला ओरखडा येत नाही. ह्या माणसाने पोलादी पंचावरच हातोडा चालवला होता. मागची साइट हलकेच उचलली तर तळाला आजच्या एका कंपनीचा छाप.

विचारायला गेलो तर म्हणाला, "जुन्या निकामी होत्या, टाकून दिल्या." असा माल कुणी टाकत नाही. त्या काळच्या मूळ साइटना गन शोच्या, म्हणजे बंदुकांच्या विक्री-प्रदर्शनातल्या, टेबलांवर चांगलं गिऱ्हाईक असतं, आणि हा माणूस गन शोमध्ये टेबल लावतो हे मला नंतर कळलं.

यातली खरी मेख कायद्यात आहे. 1898 किंवा त्याआधी बनलेलं हत्यार अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात 'अँटिक' धरलं जातं, नेहमीच्या बंदुकीच्या व्याख्येत येत नाही. परवानाधारक गनस्मिथला दुरुस्तीला ठेवून घेतलेली 1898 नंतरची बंदूक वहीत क्रमांकासकट नोंदवावी लागते. अँटिकसाठी ते बंधन नाही. म्हणजे सर्वांत मोलाची वस्तू सर्वांत कमी कागदांवर हातात जाते. माझ्या पावतीवर फक्त 'साइट अ‍ॅडजस्ट' एवढंच लिहिलेलं होतं.

आणि मुळात काम केवढं होतं? हिशोब साधा आहे. गोळी जितकी चुकते त्याला दोन साइटमधल्या अंतराने गुणायचं आणि लक्ष्याच्या अंतराने भागायचं, सगळं इंचांत. साइटमधलं अंतर 20 इंच धरा, 50 यार्ड म्हणजे 1800 इंच. सहा गुणिले 20 भागिले 1800, म्हणजे 0.067 इंच. दोन मिलिमीटरसुद्धा नाही. तेवढी मागची साइट वर हवी होती, म्हणजे तिच्याखालची पायऱ्यांची पट्टी एखाददुसरी पायरी पुढेमागे सरकवायची. डावीकडच्या तीन इंचांसाठी तीच साइट उजवीकडे 0.033 इंच. गोळी जिकडे जायला हवी तिकडे मागची साइट, आणि पुढची माशी हलवायची झाली तर बरोबर उलट. माशीला कानस लावणं अगदी शेवटचा उपाय, कारण घासलेलं पुन्हा येत नाही. पट्टी आणि पितळी पंच एवढ्यावर हे काम भागतं.

गोळ्या विखरून पडत असतील तर साइटला हातच लावू नका, आधी काडतूस तपासा. .38-55 च्या बऱ्याच जुन्या नळ्या आतून आजच्या गोळीपेक्षा किंचित मोठ्या निघतात. सैल गोळी नीट फिरत नाही आणि दोष साइटवर येतो. मऊ शिशाची गोळी नळीतून पार करून माप काढता येतं, आणि ते काम जाणत्या माणसाकडून समोर उभं राहून करून घ्यावं.

रायफल हातातून सोडण्याआधी दोन्ही साइटचे वरून, बाजूंनी आणि खाचेच्या कडांचे जवळून फोटो काढा. पावतीवर क्रमांक, साइटचं वर्णन आणि 'काढलेला प्रत्येक भाग मालकाला परत' हे वाक्य लिहून सही घ्या. जो आढेवेढे घेईल त्याच्याकडून रायफल तशीच उचलून आणा. नळीला बाक आहे असं कुणी म्हणालं तर तो बाक कुठे आहे ते तिथेच दाखवायला सांगा.

स्मॉल क्लेम्स कोर्टात, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात, मी दावा लावला. आजींच्या जुन्या अल्बममध्ये आजोबांचा रायफल हातात धरलेला फोटो निघाला, त्यात दोन्ही साइट स्पष्ट दिसतात. त्या एका फोटोवर दुरुस्तीचे पैसे परत मिळाले. साइट मात्र आल्या नाहीत. गेलेल्या मागच्या साइटला दोन बाजूंना वर आलेली शिंगं आहेत, त्यातल्या डाव्या शिंगाच्या टोकाला बारीकसा टवका उडालेला आहे आणि आतल्या अंगाला कानशीच्या दोन समांतर रेघा आहेत. गन शोमध्ये तशी साइट कुणाला दिसली तर दुकानदाराशी वाद न घालता फोटो काढावा आणि मला कळवावं.