हप्ते तुमचे, टायटल दुसऱ्याचं

अमेरिकेत ट्रेलर पार्क म्हणजे कारखान्यात बनवून ओढून आणलेल्या घरांची, भाड्याच्या जागेवरची वसाहत. तिथलं जुनं घर ‘रेंट टू ओन’च्या, म्हणजे भाडं भरत भरत घर आपलं होईल अशा बोलीवर घेणारे फसतात ते बहुतेक एकाच पद्धतीने. टेक्सासात नव्याने आलेलं कुणी अपार्टमेंटच्या भाड्याला कंटाळून असल्या घराची चौकशी करत असेल, तर आगाऊ रक्कम देण्यापूर्वी हे वाचावं.

समजा, घराची किंमत 30,000 डॉलर सांगितली. 4,000 आगाऊ, बाकी महिना 500 प्रमाणे 52 हप्त्यांत. लॉटचं, म्हणजे घराखालच्या जागेचं भाडं वेगळं, ते 600. घेणाऱ्याला वाटतं, साडेचार वर्षांच्या आत घर आपलं. कागद वाचला तर तो खरेदीखत नसतोच. भाडेकरार असतो आणि मुदतीअखेर खरेदी करायचा ‘ऑप्शन’ असतो. ते 4,000 म्हणजे ऑप्शन फी, परत न मिळणारी. एखाद्या महिन्याला लॉटचं भाडं थकलं की ऑप्शन रद्द, आणि भाडेकरूला काढतात तसं बाहेर काढतात. तारण घर जप्त करताना सावकाराला जे सोपस्कार करावे लागतात, त्यातलं इथे काही नाही.

दुरुस्तीचा खर्च मात्र ‘मालक’ म्हणून घेणाऱ्याच्याच माथी. वॉटर हीटर गेला, घाला पैसे. घर रिकामं झालं की त्याच दुरुस्त केलेल्या घराला पुढचं गिऱ्हाईक. हा धंदा घर विकण्याचा नाहीच, पुन्हा पुन्हा आगाऊ रक्कम घेण्याचा आहे.

दुसरा प्रकार सरळ चोरीचा: विकणारा नोंदीत मालकच नसतो, किंवा घरावर आधीच्या कर्जाचा नाहीतर थकलेल्या मालमत्ता कराचा बोजा असतो. भाड्याच्या जागेवरचं घर कायद्याने बहुधा जंगम मालमत्ता धरलं जातं. बऱ्याच राज्यांत त्याचं टायटल, म्हणजे मालकीचा कागद, गाडीसारखं मोटार वाहन खात्याकडे असतं. टेक्सासात राज्याच्या गृहनिर्माण खात्याच्या मॅन्युफॅक्चर्ड हाउसिंग विभागाकडे ‘स्टेटमेंट ऑफ ओनरशिप’ची नोंद असते. लेबल नंबर किंवा सीरियल नंबर घालून ती ऑनलाइन बघता येते. नोटरीचा शिक्का मारलेल्या ‘बिल ऑफ सेल’वर, म्हणजे विक्रीच्या कागदावर, भुलू नका, नोटरी सही कुणाची ते बघतो, घर कुणाचं ते नव्हे.

हे नंबर विकणाऱ्याकडून घेऊ नका, घरावरून उतरवून घ्या. 15 जून 1976 नंतर बनलेल्या घराच्या प्रत्येक भागावर साधारण 2 बाय 4 इंचाची लाल धातूची पट्टी असते, लेबल नंबर तिच्यावरच. वाहतुकीत जी बाजू मागे राहते तिथे, घरातल्या फ्लोअरच्या पातळीपासून साधारण फूटभर वर. दोन भाग जोडून केलेल्या घराला, म्हणजे डबलवाइडला, दोन पट्ट्या हव्यात. सीरियल नंबर चासिच्या, म्हणजे घराखालच्या लोखंडी सांगाड्याच्या, पुढच्या आडव्या तुळईवर ठोकलेला असतो, त्यासाठी घराच्या तळाभोवती लावलेल्या स्कर्टिंगचा एखादा पत्रा काढून खाली वाकावं लागतं. घरातल्या डेटा प्लेटवर, म्हणजे विजेच्या पॅनेलजवळ किंवा कपाटात चिकटवलेल्या कागदावर, तोच नंबर हवा. बाहेरच्या भिंतींवर नवं साइडिंग मारताना लाल पट्टी झाकली गेलेली किंवा उपटलेली आढळते. ती पुन्हा मिळत नाही, फक्त पडताळणीचं पत्र मिळतं, आणि ते आणून द्यायचं काम विकणाऱ्याचं. घर 1976 च्या आधीचं निघालं तर ते सहसा कर्जाला चालत नाही आणि पुष्कळ पार्कंही आत घेत नाहीत.

खाली वाकलाच आहात तर टॉर्च मारा. तळाचं काळं आवरण फाटून इन्सुलेशन लोंबत असेल, घर ज्यांवर टेकलेलं असतं ते ब्लॉक कलले असतील, घर जमिनीला बांधणारे अँकरचे पट्टे सैल असतील, तर लेव्हलिंगचा, म्हणजे घर पुन्हा समपातळीत आणायचा, खर्च ठरलेला. वर येऊन वॉटर हीटरच्या आणि टबच्या कडेने पाय दाबत चाला. या घरांत जमिनीला बऱ्याचदा पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला पत्रा असतो. ओल लागली की तो फुगतो आणि भुसा होतो. तेवढ्याच भागावर नवीकोरी व्हिनाइल शीट दिसली तर कोपरा उचलून बघू द्या म्हणावं. विकणारा नको म्हणाला की उत्तर मिळालंच.

व्यवहार सचोटीचा असला तरी लॉटचा करार स्वतंत्र वाचा. महिन्या-महिन्याचा असेल तर भाडं वारंवार वाढू शकतं, आणि ‘मोबाइल’ म्हणवणारं घर हलवायला हजारो डॉलर लागतात. जुनं घर तर वाटेतच खिळखिळं होतं. पार्क मालकाला हे पक्कं ठाऊक असतं. पार्कने तुम्हाला रहिवासी म्हणून मंजुरी दिल्याचं पत्र, मागच्या मालकाची लॉट-भाड्याची थकबाकी नाही असा लेखी दाखला आणि भाडेवाढीची अट, हे तिन्ही हातात येईपर्यंत पैसे देऊ नका.

आधीच अडकला असाल तर रोख देणं आजपासून बंद करा. मनी ऑर्डर किंवा चेक, प्रत्येकावर ‘घराचा हप्ता’ आणि ‘लॉटचं भाडं’ असं वेगवेगळं लिहून. भाडं थांबवू नका, तुम्ही थांबवावं हेच विकणाऱ्यांना हवं असतं. दुरुस्तीची बिलं जपा, आणि करार घेऊन जवळच्या लीगल एडकडे, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेकडे, घर सोडायच्या आत जा, नंतर नको.