धाप्याचं लोणचं: कुरकुरीत आहे, पण मीठ दोनदा पडलंय

धापा ही खाडी-किनाऱ्यावर उगवणारी भाजी. नाव धापा टाकायला लावणारं, पण गुणी. वाळूवर सरपटणारे लालसर देठ, मांसल पानं, चांदणीसारखी गुलाबी फुलं. गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात याच धाप्याच्या घरगुती लोणच्याची 200 ग्रॅमची बाटली 180 रुपयांना मिळते.

शेंडे कोवळे, बोटभरच घेतलेत. नखाने तुटतो तेवढाच देठ घ्यायचा असतो; त्याखालचा दोरीसारखा लागतो, कितीही शिजवा. शिर्का (व्हिनेगर) माडाच्या सुरेचा, म्हणजे माडीचा, लसूण बेताची. आणि दाताखाली वाळू नाही! धापा पेऱ्यापेऱ्याला मुळं धरतो, वाळू तिथेच अडकते. नळाखाली धरून ती जात नाही. पातेलंभर पाण्यात बुडवून शेंडे वर उचलून घ्यायचे, असं तीनदा. चाळणीत ओतलं की खाली बसलेली वाळू परत भाजीवर.

घोटाळा खारटपणाचा. धापा मीठ पानातच साठवतो, म्हणून पाव किलो शेंड्यांना दोन लिटर उकळतं पाणी, तीन मिनिटं, ते पाणी फेकायचं, शेंडे गार पाण्यातून काढून पूर्ण निथळायचे आणि मग शिर्का. वरून मीठ शून्य. इथे उकड कमी पडलेली दिसते, त्यावर कैरीच्या हिशेबाने मीठही घातलंय. बाटली भरताना शिर्का चाखला तर बेत बरोबरच वाटणार. पानातलं मीठ त्यात उतरायला चार दिवस लागतात. उकडीच्या पाण्याबरोबर मुतखड्याला हातभार लावणारं ऑक्झलेटही बरंच निघून जातं; इथे उकडच कमी, तेव्हा मुतखडा असलेल्यांनी हे लोणचं टाळलेलंच बरं.

धापा कुठून खुडला, ते लेबलवर नाही. ही वनस्पती मातीतले जड धातूही ओढून घेते. सांडपाणी येणाऱ्या खाडीकाठचा धापा आणि मोकळ्या किनाऱ्यावरचा धापा एका भावात घेण्यासारखे नाहीत. पाचपैकी अडीच.

बाटली घेतलीच असेल तर किसमूर, म्हणजे सुक्या मासळीची खोबरं घातलेली कोशिंबीर करा. दोन चमचे लोणचं दहा मिनिटं साध्या पाण्यात ठेवून पिळा, बारीक चिरा. मूठभर सुकी सुंगटं (कोळंबी) डोकी-शेपट्या काढून कोरडी भाजा, चुरा. एक कांदा, अर्धी वाटी ओलं खोबरं, थोडी मिरचीपूड, सगळं हाताने कालवा. सुंगटं खारट असतात, मीठ नको. चिंचही नको, शिर्का पुरतो. कालवून लगेच वाढा, नाहीतर सुंगटं मऊ पडतात.