असेटो कोर्सा घ्यावी की आयरेसिंग?

परभणीचा भाचा संगणकावरच्या कार-रेसिंगच्या या दोन गेममध्ये अडकलाय. खर्चाचं सरळ आहे: २०१४ची असेटो एकदाच घ्यायची, आयरेसिंगला वर्गणी, वर बऱ्याच गाड्या आणि ट्रॅक वेगळे विकत.

खरी गोम मॉडची, म्हणजे खेळणाऱ्यांनीच बनवून गेममध्ये घातलेल्या गाड्या-ट्रॅकची. असेटो बनवणाऱ्या इटलीच्या कुनोस कंपनीने त्यांना दार उघडंच ठेवलं. डाउनलोड केलेली गाडी 'कंटेंट'मधल्या 'कार्स' फोल्डरात टाकली की झालं. दर्जा मात्र रामभरोसे. काही मॉड तर दुसऱ्या गेममधून सरळ उचललेले. आयरेसिंगमध्ये रंगरंगोटीपलीकडे मॉड चालत नाहीत, म्हणून एका मॉडेलची गाडी सगळ्यांना सारखी, शर्यत चुरशीची. पण तो खेळ ऑनलाइन, नेट गेलं की शर्यत गेली, अन् आपल्याकडची लाइट तर ठाऊकच आहे.

एकट्याने नवनव्या गाड्या पळवायच्या असतील तर असेटो. घरी इन्व्हर्टर आहे, खिशाला वर्गणी झेपते आणि माणसांशीच भिडायचंय, तर आयरेसिंग.